डबल बेससाठी पिकअप आणि ॲम्प: लॉनवरही चालेल, सभागृहातही चालेल असं काय घ्यावं?

मंद्रसप्तक | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. नागपुरात आमचा सहा जणांचा जुन्या हिंदी गाण्यांचा ग्रुप आहे. दोन गायक, अकॉर्डियन, गिटार, तबला-ढोलक आणि डबल बेसवर (व्हायोलिनसारखं दिसणारं, पण माणसाएवढं उंच, खर्जाचं वाद्य) मी. गाणी साधारण १९५० ते १९६५ मधली. त्या गाण्यांत ठेक्याच्या खालून जो गोल, दमदार खर्ज चालत असतो, तो बेस गिटारवर वाजवला की गाण्याचा पोत बदलतो. म्हणून चार वर्षांपूर्वी मुंबईहून एक जुना डबल बेस घेतला. प्लायवुडचा, थ्री-फोर्थ साइजचा, तारा पोलादी. ब्रिजच्या (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) दोन्ही पायांत उंची कमी-जास्त करायची ॲल्युमिनियमची चाकं आहेत.

घरी वाजवताना आवाज अंगात भरतो. वाद्याची पाठ आपल्या पोटाला टेकलेली असते, त्यामुळे सूर कानाआधी छातीत लागतो. कार्यक्रमात मात्र यातलं काहीही लोकांपर्यंत पोचत नाही. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो. वर्धा रोड आणि कोराडी रोडच्या बाजूची लॉन, रिसेप्शनची गर्दी. अधूनमधून एखाद्या सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम.

आतापर्यंत दोन गोष्टी करून पाहिल्या.

आधी एफ-होलसमोर (वाद्याच्या पुढच्या पाटीतली ‘f’ आकाराची फट) साधा माइक लावला. साउंडवाल्याने फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) वर नेला की वाद्य आपोआप घुमायला लागायचं. मी तारेला हात न लावताही 'हूंऽऽऽ' सुरू.

मग पोटावर, म्हणजे पुढच्या पाटीवर चिकटवायचा एक स्वस्तातला पिएझो पिकअप (वाद्याची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) ऑनलाइन मागवला आणि केबल थेट मिक्सरमध्ये घातली. घुमणं थांबलं, पण आवाज पत्र्याच्या डब्यावर बोट आपटावं तसा. टक्, टक्. खर्ज नावालाही नाही.

आता ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. चांगला पिकअप घेऊ, मोठा ॲम्प घेऊ की दोन्ही? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा. इथे नागपुरात विचारायला डबल बेसवाला दुसरा माणूस मला सापडलेला नाही.

---

धरमपेठी | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

भाऊ, मी साउंडवाल्यांच्या बाजूचा. पंधरा वर्षांपासून नागपुरात लॉन, हॉल, गणपती सगळं करून राहिलो. एक आधी सांगा. पिकअपची केबल मिक्सरच्या कोणत्या सॉकेटमध्ये घातली होती? लाइन इनपुट की मधात डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) होता?

माइकचं म्हणाल तर लॉनवर तो विषयच सोडा. बेसच्या बाजूला ढोलक, समोर मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर), मागं जेवणाच्या काउंटरचा गोंगाट. एफ-होलसमोरचा माइक हे सगळं गोळा करते आणि बेस त्यात सर्वात कमी राहते.

---

मंद्रसप्तक | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

लाइन इनपुट. मधे काहीच नव्हतं. गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, जवळजवळ पूर्ण उघडावा लागला होता.

---

केतकी_पुणे | ७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी पुण्यात जॅझ वाजवते, नऊ वर्षांपासून डबल बेसच. आधी पिकअपच्या जाती सांगते, कारण ‘चांगला पिकअप’ हा प्रश्न तो वाद्यावर कुठे बसतो याच्याशी जोडलेला आहे.

पोटावर चिकटवलेला पिकअप लाकडाची सगळी थरथर घेतो. ती ऐकायला भरीव वाटते, पण स्पीकरचा आवाज पोटावर आदळला की तीच थरथर परत पिकअपमध्ये जाते. म्हणजे घुमण्याची शक्यता जास्त.

ब्रिजच्या पंखांमधल्या खाचेत अडकवायचे पिकअप असतात. के अँड केचा बेस मॅक्स असाच बसतो, आणि अंडरवुडचे दोन तुकडे दोन्ही पंखांत जातात. तारेची धार, बोटाचा ठोका स्पष्ट येतो. बसवायला कारागीर लागत नाही, हा मोठाच फायदा. खाच सैल असेल तर लाकडाची बारीक पाचर मारायची. फार घट्ट बसवला तर आवाज आक्रसतो, सैल राहिला तर खरखरतो. पाऊण मिलिमीटरच्या फरकानेही सूर बदलतो, तेव्हा संध्याकाळ मोकळी ठेवून बसवा.

ब्रिजच्या पायाखाली, म्हणजे पाय आणि पोटाच्या मधे सरकवायचा प्रकार रिअलिस्टचा. न्यूयॉर्कचे डेव्हिड गेज आणि नेड स्टाइनबर्गर यांनी तो तयार केला. आवाज गडद, लाकडी. सभागृहात सुंदर लागतो, मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये खालचे सूर एकमेकांत मिसळू शकतात.

फिशमनच्या फुल सर्कलमध्ये पिकअप उंची बदलायच्या चाकातच असतो. तुमच्या ब्रिजला चाकं आहेतच, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. फक्त आट्यांचं माप जुळायला हवं. एक चाक काढून व्यास आणि आटे मोजून घ्या, मगच मागवा.

शेवटचा प्रकार मॅग्नेटिक. तो फिंगरबोर्डच्या टोकाला बसतो आणि फक्त पोलादी तारेचं हलणं ओळखतो. लाकडाचं त्याला काही कळत नाही, म्हणून घुमत नाही. पण त्यामुळेच आवाज बेस गिटारकडे झुकतो. तुमची तक्रार नेमकी बेस गिटारच्या आवाजाबद्दल आहे, तेव्हा तो तुमच्यासाठी नाही असं मला वाटतं.

---

बैठकीतला | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

विषय नवीन आहे, वाचतो आहे. एक भाबडा प्रश्न: एवढा त्रास असेल तर बेस गिटारच का नको? श्रोत्यांना फरक कळतो का?

---

मंद्रसप्तक | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

कळतो. नाव सांगता येत नसेल, पण कळतो. बेस गिटारचा सूर लांबत राहतो. डबल बेसचा सूर छेडल्यावर फुगतो आणि लगेच विरतो. त्या विरण्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे जागा तयार होते आणि त्या जागेत ढोलकाची थाप आणि गायकाचा श्वास ऐकू येतो. बेस गिटार ती जागा भरून टाकतो. हे ऐकूनच मी या वाद्याकडे आलो.

---

रेझिस्टर | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी वादक नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. धागा वाचला आणि राहवलं नाही. मंद्रसप्तक, तुमचा पिकअप खराब नसण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही त्याला चुकीच्या दारात उभं केलंत.

पिएझो हा स्फटिक आहे. दाबला की त्यावर थोडासा विद्युतभार तयार होतो. सर्किटच्या भाषेत तो कपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या इनपुटला जोडाल त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) आणि हा कपॅसिटर मिळून एक चाळणी बनते, आणि ती चाळणी खालचे सूर अडवते. कुठपासून अडवते त्याचा सोपा हिशेब असा: १५९ ला मेगाओहम आणि नॅनोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा. येईल तो आकडा हर्ट्झमध्ये.

समजा तुमचा पिकअप १ नॅनोफॅरडचा आहे. मिक्सरचं लाइन इनपुट १० किलोओहमचं धरू, म्हणजे ०.०१ मेगाओहम. १५९ भागिले ०.०१, आले १५,९०० हर्ट्झ. त्याच्या खालचं सगळं उतरणीला लागलं. तुमच्या वाद्याच्या मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर बोलतात. अशा उतरणीवर ४१ हर्ट्झच्या तुलनेत ८२० हर्ट्झला वीस पट झुकतं माप मिळतं. गेन वाढवून हे सुधारत नाही, कारण गेन दोघांनाही सारखाच वाढवतो. तुम्हाला ऐकू आला तो पत्र्याचा डबा हाच.

आता हाच पिकअप बेस ॲम्पच्या १ मेगाओहमच्या इनपुटला लावा. १५९ हर्ट्झ. तुमच्या चारही मोकळ्या तारा अजून त्याच्या खालीच आहेत. सर्वात खालचा सूर जेमतेम पाव उरतो. म्हणून मोठा ॲम्प घेऊनही निराशा झाली असती.

१० मेगाओहमला लावा. १६ हर्ट्झ. सगळ्या तारा सुखरूप.

तेव्हा माझा सल्ला असा की एक रुपयाही खर्च करण्याआधी १० मेगाओहमचं इनपुट मिळवा आणि जुनाच पिकअप पुन्हा ऐका.

---

केतकी_पुणे | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

काका, शंभर टक्के. मी पहिली दोन वर्षं हेच न समजल्यामुळे पिकअप बदलत राहिले. एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयचं इनपुट १० मेगाओहमचं आहे. त्यात नॉच फिल्टर (घुमणारा नेमका सूर कापणारा) आहे, फेज उलटवायचं, म्हणजे सिग्नलची लाट उलटी करायचं बटण आहे, आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरच्या फँटम पॉवरवर (केबलमधूनच येणारी वीज) चालतो.

---

मंद्रसप्तक | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

काका, दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला. चार महिने मी त्या पिकअपला बोल लावत होतो. हे इनपुट घरी बनवता येईल का? सोल्डरिंग थोडंफार येतं. आणि मला अरे-तुरे करा, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

---

रेझिस्टर | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

बरं, अरे म्हणतो.

टीएल ०७१ हा आयसी घे. बर्डीवर (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचार. त्याच्या इनपुटला जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो, म्हणून तो स्वतः जवळजवळ करंट खात नाही. ९ व्होल्टची बॅटरी. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून मधोमध साडेचार व्होल्ट काढ आणि त्या बिंदूपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दे. त्याच बिंदूपासून आयसीच्या प्लस इनपुटला १० मेगाओहमचा रेझिस्टर. पिकअपची तार ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच प्लस इनपुटला. आयसीचं आउटपुट मायनस इनपुटला सरळ जोड. गेन एकच राहील, आपल्याला वाढ नको आहे, फक्त दार मोठं हवं आहे. आउटपुटवरून १० मायक्रोफॅरडमधून बाहेरच्या जॅकला, आणि जॅकवर ग्राउंडला १०० किलोओहम, म्हणजे केबल लावताना ठोका येणार नाही.

डबी धातूचीच घे आणि ग्राउंडला जोड. प्लास्टिकच्या डबीत १० मेगाओहम म्हणजे घरातल्या प्रत्येक ट्यूबलाइटला आमंत्रण. पिकअप ते डबी केबल छोटी ठेव, मीटरभर पुरे. केबललाही स्वतःचा कपॅसिटन्स असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. पिएझोच्या पुढे लांब केबल लावली की सिग्नल तिथेच वाटला जातो. डबीनंतर केबल कितीही लांब चालेल.

---

सागरपार | ८ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

नेदरलँड्सहून. मी इथे हौशी ऑर्केस्ट्रात आणि एका ट्रिओत वाजवतो. थोडा वेगळा सूर लावतो: माइक एवढ्या लवकर सोडू नका.

पिएझो कितीही चांगला असो, तो ब्रिज ऐकतो. आपण वाद्य ऐकतो ते दोन हातांवरून, हवेतून. गजाने वाजवताना हा फरक फार बोचतो. पिएझोवर गजाचा आवाज करवतीसारखा येतो. मी डीपीए ४०९९ हा छोटा क्लिपचा माइक ब्रिजच्या खाली बसवतो. तो एका दिशेचं जास्त ऐकतो आणि वाद्याला चिकटून असल्यामुळे अंतर बदलत नाही. हे परवडत नसेल तर जुना उपाय करून पाहा: साधा डायनॅमिक माइक फोममध्ये गुंडाळून ब्रिजच्या खाली, टेलपीस आणि पोटाच्या मधल्या जागेत बसवायचा. कित्येक वादकांनी वर्षानुवर्षं यावरच काम भागवलं आहे.

---

धरमपेठी | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

सागरपार भाऊ, तुमचं ऐकायला छान वाटून राहिलं, पण तुमच्या ट्रिओसमोर बुफेचं काउंटर नसते. लॉनवर दोन हजार माणूस, दोन्ही बाजूला सब-वूफर. त्या ४०९९ मध्ये ढोलकच जास्त येईल, आणि हवा सुटली की फडफड वेगळी.

---

सागरपार | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मान्य, लॉनसाठी मी हट्ट धरत नाही. पण त्यांनी सभागृहाचंही विचारलं आहे. तिथे दोन्ही वापरा. मॉनिटरमध्ये फक्त पिकअप. माइक फक्त श्रोत्यांच्या स्पीकरला, आणि त्याचा १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापून. वजन पिकअपकडून येतं, लाकूड आणि बोटं माइककडून. दोन्ही मिसळताना एकाचं फेज उलटवून ऐका. ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल ती बरोबर.

---

धरमपेठी | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

हे पटलं. आता माझ्याकडचं नीट सांगतो, काहून की पिकअपइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

पहिलं म्हणजे हाय-पास फिल्टर, ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा. बेसवाल्याला ‘खालचं कापा’ म्हटलं की राग येते. पण पाहा, डबल बेसच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा घुमारा साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या खालचं वाद्य स्वतःच कमी देते. ४१ हर्ट्झचा मूळ सूर खोलीतसुद्धा तुम्ही पूर्ण ऐकत नाही. ८२, १२३, १६४ असे त्याचे वरचे स्वर कानावर पडतात आणि कान खालचा सूर स्वतः जोडून घेते. पिकअप मात्र बोटाचा धक्का, पायाचा ठोका, स्टेजच्या फळ्यांची थरथर, सगळं खालचं ओतून राहते. तेच सब-वूफरमध्ये जाऊन परत येते. तर फिल्टर ४० पासून सुरू करा आणि वाजवता वाजवता वर न्या. आवाज पातळ वाटायला लागला की थोडं मागं या. घुमणाऱ्या हॉलमध्ये मी ७०-८० पर्यंत नेलं आहे आणि वादकालाच बेस जास्त स्पष्ट ऐकू आला. फ्रान्सिस डेक यांचा एचपीएफ-प्री हा छोटा डबा खास डबल बेससाठी याच कामाचा बनवलेला आहे.

दुसरं जागेचं. ॲम्प जमिनीवर, कोपऱ्यात, वाद्याच्या मागं ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज फुगते. खुर्चीवर ठेवा, तुमच्या बाजूला, एफ-होलच्या समोर येणार नाही असा. लॉनवरचे स्टेज लाकडी पाटांचे, आतून पोकळ. ते म्हणजे दुसरा ढोलच. वाद्याच्या खालच्या टेकूखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा टाका. एवढ्यानं अर्धं घुमणं जाते, माझ्यावर विश्वास ठेवा.

एफ-होलमध्ये फोम कोंबणं हा शेवटचा उपाय. चालते, पण पिकअपसोबत माइकही लावला असेल तर माइकचा आवाज मरून जाते.

तिसरं विजेचं. लॉनवर जनरेटर असते आणि अर्थिंगचा भरवसा नसते. मागच्या वर्षी एका लग्नात बेसमध्ये सारखा एक सूर वाजून राहिला होता. वादकाला वाटलं तारच वाजते. ती ५० हर्ट्झची हम होती. पन्नास म्हणजे जवळजवळ ‘जी’ सूर, थोडासा चढा. मोकळ्या जी तारेवर तर दुप्पट, १०० हर्ट्झची हम बसते, तिथं तारेचा सूर ९८. म्हणून बेसवाल्यांना ती पटकन ओळखू येत नाही. तारांवर तळहात ठेवा. तरी वाजत असेल तर ती वीज आहे. डीआय बॉक्सचं ग्राउंड-लिफ्ट बटण (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं) दाबून पाहा. पण ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन कधीच काढू नका. काही जण काढतात. जीवाशी खेळ आहे.

---

सदरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ८:००

मी सदरला राहते, चर्चच्या कॉयरसोबत चेलो वाजवते. तुमच्या चर्चेत नागपूरच्या हवेचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते.

मे महिन्यात ४५ अंशांवर कोरडी हवा. लाकूड आक्रसतं, पोटाची कमान बसते, तारा फिंगरबोर्डच्या जवळ येतात. जुलैत ओल धरली की उलट, तारा वर चढतात. यात आपल्याकडे कूलरची भर. वाद्य कूलरच्या खोलीत ठेवलं की बाहेर उन्हाळा आणि वाद्यासाठी पावसाळा. संध्याकाळी त्या खोलीतून काढून कार्यक्रमाला नेलं की तीन तासांत वाद्याचा ऋतू बदलतो. चेलोचं पोट एकदा याच कारणाने कडेला उकललं. तेव्हापासून मी वाद्य कूलरच्या वाऱ्यात ठेवत नाही आणि खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगला आहे.

तुमचा बेस प्लायवुडचा आहे, तो हे बरंच सहन करेल. अखंड लाकूड कोरलेल्या बेसपेक्षा तो घुमतोही कमी. पण पायाखाली किंवा खाचेत बसवलेल्या पिकअपवरचा दाब ऋतूप्रमाणे बदलणार. डिसेंबरात नीट बसवलेला पिकअप जूनमध्ये वेगळा वाजला तर घाबरू नका, आधी ब्रिज सरळ उभा आहे का आणि तारांची उंची किती आहे ते पाहा. आतली साउंडपोस्टची काठी मात्र स्वतः हलवू नका. तारा पूर्ण सैल केल्या तर ती पडू शकते.

---

केतकी_पुणे | १० ऑक्टोबर, दुपारी २:३५

फार उपयोगी, ताई. तारांची उंची निघाली म्हणून सांगते. फिंगरबोर्डच्या टोकाशी मी जी तार ६ मिलिमीटर आणि ई तार ९ च्या आसपास ठेवते. तार खाली आणली की ती छेडल्यावर फिंगरबोर्डला किंचित घासते आणि सूर गुरगुरत लांबतो. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी लावली आहे त्यांना हे लगेच कळेल, तत्त्व तेच. पण मंद्रसप्तक यांना हवा आहे तो फुगून विरणारा सूर. तो उंच तारांवर मिळतो, आणि तात (आतड्याची तार) किंवा सिंथेटिक गाभ्याच्या तारांवर आणखी. पोलादी तारांवरही मिळवता येतो, फक्त उंची जरा वाढवा आणि बोटाचं टोक न वापरता बोट आडवं ठेवून मांसल भागाने छेडा. त्याला खर्च काही नाही.

ॲम्पबद्दल: तुम्ही पीएवर (श्रोत्यांसाठीचे मोठे स्पीकर) वाजवता, म्हणजे लोकांना तुमचा ॲम्प ऐकवायचाच नाही. तो तुमच्यासाठी आणि शेजारच्या गिटारवाल्यासाठी. १५० वॉट, १० किंवा १२ इंची एक स्पीकर भरपूर झाला. गॅलियन-क्रूगरचा एमबी १५० डबल बेसवाल्यांच्या हातात वर्षानुवर्षं दिसतो तो याचसाठी, लहान आणि स्वच्छ. अकूस्टिक इमेजचे ॲम्प तर याच वाद्याचा विचार करून बनवलेले आहेत, वूफर जमिनीकडे तोंड करून. पण ते महाग पडतील. ॲम्प जुना घ्या, पैसे पिकअप आणि प्रीॲम्पवर (पिकअप आणि ॲम्पच्या मधली सिग्नल घडवणारी डबी) लावा.

जाता जाता एक गोष्ट. ॲम्पेग हे नाव आज बेस गिटारच्या मोठ्या ॲम्पमुळे माहीत आहे, पण त्याचा उगम आपल्याच वाद्यात आहे. १९४० च्या दशकात एव्हरेट हल या बेसवादकाने डबल बेसच्या खालच्या टेकूत, म्हणजे पेगमध्ये, आतून माइकसारखा पिकअप बसवला. ‘ॲम्प्लिफाइड पेग’चं ॲम्पेग झालं. म्हणजे बेस गिटार घरोघरी पोचण्याच्या आधीपासून लोक आपल्या याच प्रश्नाशी झगडत होते.

---

मंद्रसप्तक | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काकांची डबी तयार झाली! दोन रविवार गेले. पहिल्यांदा प्लस-मायनस इनपुट उलटं जोडलं होतं, ते काकांना फोटो पाठवल्यावर कळलं.

तोच पिकअप, तोच मिक्सर, मधे फक्त ही डबी. ई तार छेडली आणि खोलीतल्या स्टीलच्या भांड्यांची मांडणी हलली. आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, काय झालं. मी तिला उत्तर देऊ शकलो नाही, गळा दाटून आला होता.

खर्ज आला तसं घुमणंही परत आलं, केतकीताईंनी सांगितल्याप्रमाणे. पोटावर असल्यामुळे. तोच पिकअप काढून ब्रिजच्या बाजूला चिकटवून पाहिला, निम्म्याहून जास्त घुमणं गेलं. ब्रिजचं चाक मोजलं आहे. फुल सर्कल मागवायच्या विचारात आहे.

---

रेझिस्टर | २० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

शाब्बास. भांड्यांची मांडणी हलली हे वाचून मलाही बरं वाटलं.

---

मंद्रसप्तक | ८ डिसेंबर, दुपारी १२:४०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. सीझनचे सहा कार्यक्रम झाले, चार लॉन, दोन सभागृहं.

चाकातला पिकअप बसवला. आटे जुळले. त्यासाठी एका व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्यांची मदत घेतली, कारण ब्रिज उतरवताना तारा एकदम सैल करायच्या नव्हत्या, एकेक करून आलटून पालटून सैल केल्या. पुढे १० मेगाओहमचा, हाय-पास आणि फेज-बटण असलेला प्रीॲम्प. ॲम्प शहरातल्याच एका बेस गिटारवाल्याकडून जुना घेतला, १५० वॉट, १२ इंची. तिन्ही मिळून ६०,००० च्या आत बसलं.

पहिल्या लॉनवर फिल्टर ४५ वर ठेवला होता. दुसऱ्या गाण्याला स्टेज घुमायला लागलं. टेकूखाली रबर टाकायला विसरलो होतो. ढोलकवाल्याने स्वतःची पायपुसणी दिली, ती दुमडून खाली घातली, फिल्टर ६० वर नेला, आणि उरलेला कार्यक्रम शांत गेला. तेव्हापासून रबराचा तुकडा वाद्याच्या खोळीलाच बांधून ठेवला आहे. लॉनवर ६०, मॉनिटरमध्ये फक्त पिकअप, ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या डाव्या हाताला. हे आता ठरून गेलं आहे.

सभागृहात सागरपार यांचं ऐकून फोममध्ये गुंडाळलेला डायनॅमिक माइक सोबत घेतला. फेज उलटवल्यावर खर्ज इतका भरला की साउंडवाल्याने स्वतःहून फेडर खाली आणला. मध्यंतरात एक आजोबा स्टेजपाशी आले. वाद्याकडे बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, रेडिओत हे ऐकू यायचं, कुठून येतं ते आज दिसलं.

धरमपेठी भाऊ, एका लॉनवर तुमची ती ‘जी’ची हम अगदी तशीच भेटली. तळहात ठेवला, वाजतच राहिली, ग्राउंड-लिफ्ट दाबलं आणि गेली.

---

धरमपेठी | ८ डिसेंबर, रात्री ९:१०

वाचून मन भरून आलं भाऊ. पुढचा कार्यक्रम शहरात असेल तर कळवा, साउंडला मी येतो. आणि पायपुसणीपेक्षा दोन पदरी रबर चांगलं राहते, माझ्याकडे पडलं आहे, घेऊन येईन.

---

रेझिस्टर | ९ डिसेंबर, सकाळी ७:००

जुनी डबी फेकू नकोस, प्रीॲम्प ऐनवेळी बंद पडला तर ती कामी येईल. फक्त बॅटरी काढून ठेव. पडून राहिलेली बॅटरी पाझरली की आतले तांबे खाते.

---

मंद्रसप्तक | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

कालच काढली काका. डबी खोळीच्या बाहेरच्या खिशात आहे, रबराच्या शेजारी.